पाचवीला पुजलेलं इंग्रजी

भारतीय रेल्वेनं आमच्या गावाचं नाव एका अक्षरात उरकलं आहे. नागपूरला एन-जी-पी अशी ऐसपैस तीन अक्षरं, आणि गोंदिया जंक्शनला नुसतं जी. हावडा-मुंबई मार्गावरचं एवढं मोठं ठाणं, विदर्भ एक्स्प्रेस आणि महाराष्ट्र एक्स्प्रेस इथून सुटतात, बालाघाट-जबलपूरकडे फाटा फुटतो, तरी जी. बाहेरच्या माणसाला यात कंजुषी दिसते. आम्हाला दिसत नाही, कारण आम्ही तसेही प्रत्येक वाक्याच्या शेपटाला जी लावतोच. ‘हो जी’, ‘नाही जी’, ‘काहून जी’. रेल्वेनं बाकीचं वाक्य कापून आदर तेवढा ठेवला, असं आम्ही समजून चालतो.

तर अशा या एकाक्षरी गावात हल्ली रोज रात्री बारा वाजता मोबाइलवर पाच रिकाम्या चौकटी उगवतात. पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द ओळखायचा, संधी सहा. अक्षर बरोबर जागी पडलं तर चौकट हिरवी, शब्दात आहे पण जागा चुकली तर पिवळी, शब्दातच नसेल तर करडी. खेळाचं नाव वर्डल. चौकात त्याचा उच्चार ‘वरडल’ असा होतो, आणि शब्द सुटला नाही की माणूस खरंच वरडतो. रंगांची सवय व्हायला आमच्याकडे जरा वेळ लागला. धान आधी हिरवं असतं, मग पिवळं होतं, आणि पिवळं झालं की शेतकऱ्याचा जीव भांड्यात पडतो. इथे पिवळ्यावर समाधान मानून कापणीला निघालात की गेलात.

हा खेळ केला जॉश वॉर्डल नावाच्या माणसानं. जन्म वेल्समधला, मुक्काम न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये. त्याच्या जोडीदारीण पलक शाह यांना शब्दांचे खेळ आवडायचे, म्हणून त्यानं घरच्या घरी हा बनवला. इंग्रजीत पाच अक्षरी शब्द निघाले बारा हजारांच्या आसपास. पलकबाईंनी ते चाळून ओळखीचे, माणसाच्या तोंडी असणारे असे अडीच हजारांच्या आसपास ठेवले. ही चाळणी कोणाची, यावर पुढचं सगळं महाभारत अवलंबून आहे, म्हणून सांगून ठेवलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये खेळ सगळ्यांसाठी खुला झाला. १ नोव्हेंबरला खेळणारे होते ९०. दोन महिन्यांनी तीन लाख. जानेवारी २०२२ संपता संपता न्यूयॉर्क टाइम्सनं तो सात आकडी डॉलर मोजून विकत घेतला. आणि कधीतरी एका पुतण्याच्या हातून तो आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येऊन पडला, हिरव्या-पिवळ्या ठोकळ्यांच्या रूपात. ते पाहून एका काकाजींनी विचारलं, ‘टाइल्स कोणत्या खोलीत बसवून रायला बाबू?’

इंग्रजी ही आमची दुसरी भाषा आहे असं जे म्हणतात, त्यांनी मधल्या भाषा मोजलेल्या नसतात. आमच्याकडे एखादा माणूस घरी पोवारी बोलतो, शाळेत मराठी शिकलेला असतो, बाजारात हिंदीत भाव करतो, राइस मिलमध्ये आलेल्या मजुरांशी छत्तीसगढीत बोलतो, आणि सालेकसा-देवरीकडे नोकरी असेल तर कामापुरती गोंडीही उचलतो. एका बाजूला मध्य प्रदेश, दुसऱ्या बाजूला छत्तीसगड, मागे झाडीपट्टी. या रांगेत इंग्रजी येऊन उभं राहतं तेव्हा पुढे चार-पाच जण असतात. पुण्याची मराठीसुद्धा आम्हाला शिकावी लागली होती, हे पुण्याला कोणी सांगू नये.

माझ्या पिढीचं इंग्रजी पाचवीत सुरू झालं. पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. त्याआधीची पोरं चार वर्षं निर्धास्त असायची आणि पाचवीत एकदम ए-बी-सी-डी अंगावर यायची. सटवी पाचव्या दिवशी कपाळावर काय लिहून जाते ते माहीत नाही, पण आमच्या कपाळावर लिहिलेलं पाचवीतच उघड झालं. शिकवण्याची पद्धत मात्र, आता वाटतं, वर्डलसाठीच काढलेली होती. ‘सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर, आर-ए-टी रॅट, रॅट म्हणजे उंदीर’, हे अख्ख्या वर्गानं चालीवर, एका ठेक्यात, खिडक्या हलेपर्यंत. अर्थ सगळ्यात शेवटी. आधी अक्षरं मोजून द्यायची.

अवघड शब्दांसाठी वेगळी सोय होती. स्पेलिंग लक्षात राहावं म्हणून आम्ही शब्द जसा लिहिलाय तसाच, अगदी प्रामाणिकपणे म्हणायचो. वेड-नेस-डे. फेब-रु-आरी. क-नाव-लेड-गे. परीक्षेत नॉलेज लिहायची वेळ आली की मनात ‘कनावलेडगे’ म्हणायचं आणि के विसरायचा नाही. ज्याला इंग्रजी आईच्या मांडीवर मिळालं, त्याच्या कानात नुसतं नॉलेज असतं आणि के कुठून आला हे त्याला शाळेत गेल्यावर कळतं. आमच्याकडे के पहिल्यापासून हजर होता, नॉलेजचंच काय ते मागे राहिलं. त्यामुळे मुके के, बहिरे जी आणि उगाच उभे असलेले पी यांना आम्ही सहजासहजी फसत नाही. चार चौकटी भरून पहिली रिकामी असेल तर अमेरिकेतला माणूस कानानं शोधत बसतो. आमच्या मास्तरांचा विद्यार्थी म्हणतो, ‘इथं एक के मुकाट्यानं बसला असंल.’ आणि कधी कधी तो खरंच बसलेला असतो.

फसतो ते दुसरीकडे. आमच्या एका ‘व’मध्ये इंग्रजीचे व्ही आणि डब्ल्यू दोघेही एकाच बाजेवर झोपतात. शब्द ‘व’नं सुरू होतो एवढं कळलं तरी आमच्या हातात दोन दारं असतात. त्यात एका अक्षराच्या दोन-दोन प्रती. पॅडी म्हणजे धान, पाच अक्षरं, खेळात चालणारा शब्द, म्हणजे आमच्या जिल्ह्यावर देवाची कृपाच. तरी तो लिहिताना डी एक की दोन यावर आमच्या धानपट्टीतली शिकलेली माणसं थबकतात. आयुष्य बांधीत गेलं, पऱ्हे टाकले, रोवणी केली, पुंजणे रचले, पण कोणी विचारलं नाही की यात डी किती.

इथे चौकातल्या एका निवृत्त मास्तरांचं म्हणणं नोंदवायला हवं. ते वर्तमानपत्रातलं मराठी शब्दकोडं थेट पेनानं सोडवतात, पेन्सिल हातात धरणाऱ्याला ते नास्तिक समजतात. त्यांचा आक्षेप असा की इंग्रजीला जागा फार लागते. ‘स्त्री’ हा शब्द मराठी कोड्यात एका घरात मावतो. तोच इंग्रजी अक्षरांत लिहा : एस, टी, आर, ई, ई. वर्डलच्या पाचही चौकटी एका स्त्रीनं भरल्या. ‘आपल्या भाषेत काटकसर आहे,’ मास्तर म्हणतात. त्यांच्या सौभाग्यवती आतून म्हणतात, ‘घर एकच दिल्लं, हे सांगा ना.’

पहिला शब्द कोणता टाकावा यावर जगभर पंथ आहेत. काही जण स्वरांनी भरलेला अ‍ॅड्यू टाकतात. न्यूयॉर्क टाइम्सनं २०२२ मध्ये आपला डाव तपासून देणारा एक बॉट आणला. त्यानं आधी सांगितलं, सगळ्यात उत्तम सुरुवात म्हणजे क्रेन. आम्ही सुखावलो. क्रेन म्हणजे सारस, आणि महाराष्ट्रात सारस मुख्यतः आमच्याच जिल्ह्यात टिकून आहेत. दर जूनमध्ये त्यांची गणना होते, तेव्हा मोजणारे जास्त आणि सारस कमी अशी स्थिती असते. धानाच्या बांधीत जोडीनं उभा असलेला तो पक्षी ज्यानं पाहिलाय, त्यानं रोज क्रेन टाकूनच सुरुवात करावी, यात मला तरी औचित्य वाटलं. घरातल्या धाकट्यांना क्रेन म्हटल्यावर उड्डाणपुलाच्या कामावर उभं असलेलं यंत्र आठवतं, ते सोडा. काही महिन्यांनी बॉटनं मत बदललं आणि स्लेट म्हणायला लागला. सारसावरून पाटीवर. मी बदललो नाही. खरं तर आमच्या देवरीएवढा सोयीचा शब्द जगात नाही : डी-ई-ओ-आर-आय, पाच अक्षरं, त्यांत तीन स्वर, वर आर. पण गावांची नावं चालत नाहीत. तालुक्याचं ठिकाण आहे, तहसील आहे, राष्ट्रीय महामार्गावर आहे, असं कितीही सांगा, खेळ शब्द हलवून परत करतो.

आता त्या चाळणीकडे येतो. पलकबाईंनी ओळखीचे शब्द ठेवले, पण ओळखीचे कोणाच्या? आमचं इंग्रजी वरच्या मजल्यावरून आलं. कचेरी, कोर्ट, बँक, रेल्वे, रेन अँड मार्टिनचं व्याकरण, तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. आमच्या चौकातल्या पानवाल्याला ‘सँक्शन’, ‘अ‍ॅफिडेव्हिट’, ‘नॉमिनी’, ‘ओव्हरड्यू’ हे शब्द माहीत आहेत, आणि ते सोसून माहीत आहेत. २०२२ मध्ये वर्डलला ‘टॅसिट’ आला, मौनातून दिलेल्या संमतीतला टॅसिट, तेव्हा लोक शब्दकोशांकडे धावले. आमच्या वकीलसाहेबांनी तो दुसऱ्या फेरीत काढला आणि फी मागितली. पण त्याच सुमाराला ‘कॉक’ आला. खिडकीच्या, न्हाणीघराच्या फटी बुजवायचा मसाला, त्याचं इंग्रजी नाव. अमेरिकेत हा म्हणे घरोघरी असतो. आमच्याकडे फट दिसली तर सिमेंट थापतात, पावसाळ्यापर्यंत थांबायची तयारी असेल तर खाली बादली ठेवतात. इंग्रजीच्या दिवाणखान्यात आम्ही बूट काढून व्यवस्थित बसतो, पण तिच्या स्वयंपाकघरात आणि माळ्यावर काय पडलंय ते आम्हाला कोणी दाखवलंच नाही.

यात आम्ही एकटे नाही, याचा पुरावा ५ मे २०२२ ला मिळाला. त्या दिवशीचं उत्तर होतं ‘होमर’. शाळेत जगाचा इतिहास शिकलेल्यांना होमर म्हणजे ग्रीक महाकवी, पण विशेषनामं तर चालत नाहीत. मग हा कोण? बेसबॉलमधला होम रन. म्हणजे आपला षटकारच, फक्त ज्या खेळातला तो आहे तो खेळ आमच्या जिल्ह्यात कोणी पाहिलेला नाही. जगभरचे लोक केंब्रिजच्या शब्दकोशावर तुटून पडले, त्यातले बहुसंख्य उत्तर अमेरिकेबाहेरचे, आणि केंब्रिजनं वर्षाचा शब्द म्हणून होमरचीच निवड केली. खुद्द इंग्लंडातले लोक चिडले होते. त्याआधी जानेवारीत ‘फेवर’ आला तेव्हाही ते चिडले, कारण त्यात यू नव्हता. अमेरिकेनं यू टाकून दिला, इंग्लंडनं जपून ठेवला, आणि त्या यूपायी छड्या खाल्ल्या आम्ही. साहेब गेला तरी त्याचा यू मास्तरांनी सोडला नव्हता. आता न्यूयॉर्कहून निरोप येतो की तो नकोच होता. त्या छड्यांचं काय, ते कोणी बोलत नाही.

घरात या खेळाला जुगार म्हणतात. मी वकीलसाहेबांकडे दाद मागितली, तर त्यांनी निकालच वाचून दाखवला, तोही माझ्याविरुद्ध. एके काळी बक्षिसांची शब्दकोडी हा देशभर चाललेला धंदा होता. बंगळुरूहून ‘स्पोर्टिंग स्टार’ नावाचं साप्ताहिक निघायचं, त्यात आर. एम. डी. चमारबागवाला यांच्या मंडळींची कोडी असायची आणि मुंबई राज्यातूनही लोक पैसे भरून उत्तरं पाठवायचे. सूचनेला बसणारे शब्द एकापेक्षा जास्त, आणि बरोबर कोणतं ते आधीच ठरवून बंद करून ठेवलेलं. मुंबई सरकारनं कर लावला, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, आणि एप्रिल १९५७ मध्ये कोर्टानं म्हटलं की हा जुगार आहे, याला व्यापाराचं संरक्षण नाही. आमचा जुना भंडारा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात येऊन तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. नवीन राज्यात आल्या आल्या कोडी बंद. त्याआधी १९५५ चा केंद्राचा कायदा होताच : महिन्याला एक हजार रुपयांपेक्षा जास्त बक्षीस असलेल्या स्पर्धांना मनाई.

मी म्हटलं, वर्डलमध्ये तर बक्षीसच नाही. वकीलसाहेब म्हणाले, बक्षीस नाही, पण तुमची ती न तुटलेल्या दिवसांची माळ आहे, आणि ती तुटेल या भीतीनं तुम्ही लग्नाच्या पंगतीत मोबाइल काढता. मग त्यांनी एक असा मुद्दा काढला की मला आजवर उत्तर सुचलेलं नाही. समजा शेवटची चार अक्षरं हिरवी झाली : आय, जी, एच, टी. पहिलं काय? लाइट, नाइट, राइट, साइट, टाइट, माइट, फाइट, आणि शिवाय एट. संधी उरल्या दोन-तीन. इथे तुमची तर्खडकर पाठमाला संपली, बुद्धी संपली. आता जे टाकाल तो आकडा. कोर्टानं नेमकं हेच म्हटलं होतं. आतून आवाज आला, ‘सांगा, सांगा जी त्यांना.’

मिलवाल्या मित्राची चौकशी वेगळीच. जिंकलं तर किती भेटते? काही नाही. हरलं तर किती जाते? काही नाही. ‘मंग सरकारी योजना हाय का हे?’

एका गोष्टीत मात्र या खेळानं गोंदियाला जे दिलं ते कोणी दिलं नव्हतं. रोजचा शब्द ज्याच्या त्याच्या घड्याळाप्रमाणे मध्यरात्री बदलतो. म्हणजे न्यूयॉर्कला त्यांचाच शब्द आमच्यानंतर कळतो : उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा तास. आम्ही डाक आवृत्तीवर वाढलेली माणसं. मोठ्या गावच्या वर्तमानपत्राची जी आवृत्ती संध्याकाळीच छापून दूरच्या गाड्यांत टाकायची, ती आमच्या वाट्याची. रात्रीच्या मॅचमध्ये शेवटच्या षटकात काय झालं ते आमच्या पेपरात कधीच नसायचं, तिथे नुसतंच लिहिलेलं असायचं की सामना रंगात आला आहे. आणि आता न्यू जर्सीतला पुतण्या रात्री झोपण्यापूर्वी घाबरून निरोप टाकतो, ‘काका, प्लीज ग्रुपवर काही लिहू नका!’ मी लिहीत नाही. फक्त ‘आजचा सोपा आहे’ एवढं टाकतो. त्यानं त्याची झोप उडते, असं सूनबाई सांगते.

त्याच पुतण्यानं पुढे दुसरा खेळ लावून दिला, कनेक्शन्स. जून २०२३ मध्ये आला. सोळा शब्द, चार-चारांचे चार गट पाडायचे. वर्डलमध्ये निदान अक्षरांचा आधार असतो, इथे मात्र शब्द माहीत असून माणूस मरतो. त्याचा अगदी पहिला डाव आम्ही चहाच्या टपरीवर पुन्हा मांडून बसलो होतो. शब्द सगळे ओळखीचे, आणि म्हणूनच घोळ. ‘रिटर्न’ पाहून मिलवाल्याच्या कपाळाला आठी पडली, कारण जीएसटीची तारीख जवळ होती. ‘ऑप्शन’ म्हटल्यावर एकानं सांगितलं, बारावीला त्यानं अर्धं गणित ऑप्शनला टाकलं होतं. ‘शिफ्ट’ मिलची, ‘टॅब’ डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गोळीच्या आधी लिहितात तो. ‘लेव्हल’ गवंड्याच्या हातातली. ‘नेट्स’ म्हणजे जाळी, ढिवर तलावात टाकतात ती. आम्ही गट पाडत होतो ते पक्के गोंदिया जिल्ह्याचे, आणि खेळ एकेक परत करत होता. शेवटी पुतण्यानं फोनवर फोड करून दिली की रिटर्न, ऑप्शन, शिफ्ट, टॅब ही कीबोर्डवरची बटणं आहेत. आमच्या कीबोर्डवर रिटर्नच्या जागी एंटर लिहिलंय आणि ऑप्शन कुठेच नाही, हे त्याला कॅमेरा फिरवून दाखवावं लागलं.

एका गटावर मात्र आमचं एकमत होतं. रेन, हेल, स्लीट, स्नो, हीट. हवामान! स्लीट आणि स्नो पाहिलेले नाहीत, पण पुस्तकात वाचलेत. शब्द पाच होत होते, जागा चार. कोणता काढायचा? सगळ्यांनी स्नोकडे बोट दाखवलं. मे महिन्याचे दिवस, पारा पंचेचाळीसच्या आसपास, टपरीवर गोणपाट ओलं करून टांगलेलं. हीट काढायचा विचारसुद्धा कोणाच्या मनात येणं शक्य नव्हतं.

पुतण्या म्हणाला, ‘काका, हीट हवामानात नाही. तो ओल्या हवामानाचा गट आहे. हीट ही बास्केटबॉलची टीम आहे, मायामीची.’

‘हवामानात नाही?’ मिलवाल्यानं मोबाइल माझ्या हातातून घेतला. ‘बाबू, त्या मायामीत उन्हाळा किती असते जी?’

‘असतो ना काका. बत्तीस-तेहतीसपर्यंत जातो.’

मिलवाल्यानं मोबाइल परत दिला आणि कपाळावरचा घाम दुपट्ट्यानं पुसला.

‘बत्तीसवर नाव ठेवलं हीट! नवतप्यात आन त्याईले इकडं.’